मिरगाच्या आधी गाडीची चाकं बदलायची तर

उन्हाळवाही आटोपली की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संत्र्याच्या बागेतली ढकलगाडी, फवारणीच्या टाकीची गाडी आणि पॉवर वीडर (इंजिनावर चालणारं निंदणीचं यंत्र) बाहेर काढा आणि धुऊन ठेवा. काटोल-कळमेश्वरकडची काळी माती एकदा भिजली की गाडी वावरातच अडकते, आणि तिथे चाक बदलायला नीट टेकूही लागत नाही.

दुकानात जायची घाई करू नका. गाडी विटांवर उचला, चाक हातानं फिरवा आणि मग दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून बघा. खडखडलं तर दोष बहुतेक वेळा बेअरिंगचा असतो, टायरचा नाही. बेअरिंग काढून त्याच्या कडेवरचा नंबर पुसून वाचा. ६२०४ असेल तर आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४. ६२०५ असेल तर तेच २५, ५२ आणि १५. मागच्या वर्षी मी नुसतं डोळ्यानं बघून चाकांची जोडी आणली. टायर हुबेहूब होतं, पण भोक २५ चं आणि आमचा आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, २० चा. मधली फट भरायला बुश (आतली नळी) बसवायला लेथवर जावं लागलं आणि दोन दिवस गेले, तेही ऐन शेणखत टाकायच्या वेळी. म्हणून वहीत आधी आसाची जाडी लिहा, ती वर्निअरनं (बारीक मापाच्या पकडपट्टीनं) मोजलेली असावी, टेपनं नाही. त्याखाली हबची (चाकाच्या मधल्या नळीची) लांबी आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात त्या स्प्लिट पिनपर्यंत आस किती उरतो ते लिहा. हब लांब निघाला तर पिनच बसत नाही. आखूड निघाला तर वॉशर टाकून भागतं.

बेअरिंग नवीन घ्यायचं झालं तर नंबरापुढे २आरएस असलेलंच मागा. त्याला दोन्ही बाजूंनी रबराचं सील असतं. झेडझेडवालं पत्र्याच्या झाकणाचं असतं, आणि आपल्या चिखलाचं पाणी त्यातून आत शिरतं.

चाक नट-बोल्टवर बसत असेल तर बोल्टच्या भोकांचं वर्तुळही मोजा. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्या. पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १.७ नं गुणा.

आता टायर. ४.००-८ म्हणजे रुंदी ४ इंच आणि रिम ८ इंचांची. हाच साइज ऑटोरिक्षालाही लागतो, त्यामुळे नागपुरात तो शोधत फिरावं लागत नाही. १६x६.५०-८ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा पूर्ण उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा रिमचा. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का सापडला तर तोही वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं रबर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. बोटानं वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील.

वजनाचा हिशोब कागदावर करा. संत्र्याचे २० किलोचे आठ क्रेट म्हणजे १६० किलो, गाडीचे ४० धरले तर २००. दोन चाकांवर शंभर-शंभर येतील असं वाटतं, पण एक चाक भेगेत गेलं की भार दुसऱ्याकडे झुकतो. म्हणून प्रत्येक चाक किमान १५० किलोचं घ्या. गाडी ट्रॅक्टरमागे ओढणार असाल तर ढकलगाडीचं चाक चालत नाही. ते माणसाच्या चालीसाठी बनवलेलं असतं.

हवेचं घ्यावं की भरीव, यावर माझं मत पक्कं आहे. शेणखताच्या आणि पऱ्हाट्या-तुराट्या वाहायच्या गाडीला भरीव घ्या. बाभळीचे काटे आणि तुरीचे खुंट ट्यूबला दम धरू देत नाहीत. संत्र्याच्या गाडीला मात्र हवेचंच हवं. भरीव चाकाचा प्रत्येक हिसका फळाला लागतो, आणि दबलेलं संत्र नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पोचेपर्यंत मऊ पडतं. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, म्हणून झाडांमधून फिरणाऱ्या गाडीला रुंद टायर घ्या आणि हवा कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत पण कमी ठेवा.

पॉवर वीडरचं चाक मोठं करायचा मोह टाळा. १६ इंचांच्या जागी २० इंचांचं लावलं तर त्याच गिअरमध्ये यंत्र सव्वापट वेगानं पुढे पळतं, पाती मातीत नीट बसत नाहीत आणि इंजिनावर ताण येतो. दोन्ही चाकांचा घेर सुतळीनं मोजा. फरक असेल तर यंत्र एका बाजूला ओढतं. नक्षीचे बाण पुढच्या दिशेला आहेत ना, तेही बघा.

रिम उघडून टायर काढायचं काम गड्याकडून करून घ्यायचं असेल तर शेजारी उभं राहून करून घ्या. दोन तुकड्यांची रिम बोल्टनं जोडलेली असते. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा गेल्याशिवाय ते बोल्ट सैल करू नका. हवा भरलेली असताना बोल्ट सुटला तर रिमचा तुकडा तोंडावर येतो.

चाकं बसली की गाडी भरून एक चक्कर मारा, परत येऊन नट पुन्हा आवळा आणि गाडी सावलीत लावा. जुन्यातलं जे चाक बरं असेल ते ट्यूबसकट सुपारीच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.