बंद कारखान्यामागची जमीन आणि विहीर साफ करायची तर सुरुवात कुठून करायची

गावाशेजारचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, मशीन भंगारात गेली, शेडचे पत्रेपण कुणीतरी काढून नेले, आणि तरी खालच्या अंगाच्या विहिरीला पिवळट नाहीतर लालसर पाणी येतंच, मग होतं काय तर पंचायत आरओ प्लांट बसवते आणि विषय मिटला म्हणतात. आरओ पाहिजेच, नाहीतर लोकांनी प्यायचं काय, पण जमिनीत जे पडलंय ते तसंच राहतं आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं खाली उतरतं. (आणि आरओचं जे नको असलेलं पाणी बाहेर पडतं ते बहुतेक ठिकाणी मागच्या गटारात सोडलेलं असतं, म्हणजे परत तिथंच.) म्हणून क्रम हा ठेवा, आधी माल कुठं पडलाय ते शोधा, मग तो पाण्यात उतरायचा थांबवा, पाणी उपसून साफ करायचं त्यानंतर. उलटं केलंत तर पंप वर्षानुवर्षं चालेल आणि पाणी तसंच येईल.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे, तिथलं उदाहरण माहीत असलेलं बरं. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथं एच-ॲसिड बनवणारे कारखाने आले, कापडाच्या रंगांना लागणारा हा कच्चा माल, फार वर्षं काही ते चालले नाहीत पण तेवढ्यात सुमारे 2400 टन गाळ निघाला आणि तो उघड्यावर पडला. पाऊस पडला, गाळ विरघळला, आसपासच्या विहिरींचं पाणी रंगीत झालं, ना प्यायला ना शेतीला. नंतर थोडा गाळ खड्ड्यात बंद केला, बाकीचा इकडेतिकडे पसरून वर माती ओढली. आपल्या नागपूरच्या नीरीनं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) 1994 मध्ये तिथली पाहणी केली, 1996 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच खर्च द्यायचा, आणि साफसफाईचे 37 कोटींच्या वरचे पैसे कारखानदारांनी भरलेच नाहीत म्हणून 2011 मध्ये कोर्टाला चक्रवाढ व्याज लावून परत आदेश काढावा लागला. त्यामुळे कोर्टात जिंकलं म्हणजे विहीर साफ झाली असं समजू नका, आणि दुसरं, गाळ एका जागी ढिगात आहे तोवर काम सोपं असतं, एकदा पसरला की तो शोधण्यातच निम्मा खर्च जातो. तुमच्याकडच्या बंद प्लॉटवर कुणी जेसीबी घेऊन लेव्हलिंग करायला आला तर आधी ते थांबवा. तिथली माती फुकट मिळते म्हणून घराच्या भरावाला किंवा रस्त्याला नेतात, तेही थांबवा.

आता शोधाशोध. जुन्या कामगारांना गाठा, कागदापेक्षा जास्त त्यांना माहीत असतं, टाकी कुठं होती, गाळ कुठल्या कोपऱ्यात टाकायचे, रात्री कुठल्या बोअरमध्ये पाइप सोडलेला असायचा. मग माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्याची संमतीपत्रं आणि घातक कचऱ्याचे वार्षिक अहवाल मागवा, त्यात काय बनवायचे आणि किती गाळ निघायचा ते असतं, म्हणजे लॅबला नेमकं काय तपासायला सांगायचं ते कळतं. हे न करता नुसतं 'पाणी तपासा' म्हणून बाटली दिली की ते टीडीएस, हार्डनेस, नायट्रेट काढून देतात आणि रिपोर्ट एकदम चांगला येतो, कारण ज्याची भीती आहे ते कुणी बघितलेलंच नसतं. प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) कारखाना असेल तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप), निकेल, सायनाइड. रंग किंवा औषधांचा असेल तर फिनॉल आणि सॉल्व्हेंट (रसायनं विरघळवायला वापरलेले, चटकन उडून जाणारे द्रव).

यातलं क्रोमियम नीट समजून घ्या, कारण पिवळं पाणी त्याचंही असू शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक एकूण क्रोमियमसाठी लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक किलो क्रोमियम विरघळलं तर 2 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत जातं. तमिळनाडूत राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्याच्या आवारात असा कचरा लाखाच्या वर टन पडून राहिला, त्यावरून अंदाज करा. आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

नमुना घेताना घाई नको. बोअरचं पाणी आधी पंधरा-वीस मिनिटं वाहू द्या, केसिंगमधलं (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपातलं) शिळं पाणी गेलं पाहिजे. धातूंसाठीच्या बाटलीत लॅबवाले नायट्रिक ॲसिड घालून देतात, ती विसळायची नाही. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची बाटली वेगळी, त्यात हे ॲसिड नको, बर्फाच्या डब्यात ठेवून 24 तासांत लॅबला पोचली पाहिजे, त्यामुळे शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी नेला तर तो फुकट. सॉल्व्हेंटसाठी काचेची छोटी कुपी मिळते, ती काठोकाठ भरून झाकण लावायचं, उलटी करून बघायचं, आत एकपण बुडबुडा नको, कारण ते त्या हवेत उडून जातं. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) आणि नेमक्या त्या तपासणीसाठी मान्यता असलेली बघा. बाटलीवर तारीख, वेळ, विहिरीचं नाव, आणि पंचांसमोर सही.

मातीचं पण तसंच, वरच्या एका वितीतली वेगळी, त्याखालची वेगळी, मुरूम लागेल तिथली वेगळी. आणि एक नमुना वरच्या अंगाच्या, कारखान्याशी संबंध नसलेल्या शेतातला हवाच हवा. आपल्या बेसॉल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं, तो तुलनेचा नमुना नसेल तर समोरचा वकील लगेच म्हणणार की हे निसर्गाचंच आहे.

मग पाणी कुठनं कुठं चाललंय ते काढायचं, आणि हे गावातली पोरं स्वतः करू शकतात. एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरी घ्या, जास्त असतील तर उत्तम. विहिरीच्या काठावर ऑइलपेंटची एक खूण करा, मेजर टेपच्या टोकाला जड नट बांधून खाली सोडा, पाण्याला टेकला की 'डुब्ब' आवाज येतो, तिथं टेप धरून खुणेपाशी आकडा वाचा. रात्रभर पंप बंद असलेल्या विहिरीचाच आकडा घ्यायचा, सकाळी लवकर, सगळ्या एकाच दिवशी. मग कुठल्याही बांधकामवाल्याकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन त्या खुणांची उंची एकमेकांच्या हिशेबात काढा, उंचीतनं खोली वजा केली की पाण्याची पातळी आली. जिथं पातळी कमी तिकडं पाणी चाललंय. हे एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात करा, कारण पावसाळ्यानंतर दिशा थोडी फिरू शकते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्यापण मागा.

आपल्याकडची अडचण मात्र वेगळी आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक, मग कातळ. मुरूम स्पंजासारखा घाण धरून ठेवतो आणि भेगा ती लांब नेतात, त्यामुळे शेजारची विहीर चांगली आणि पार पलीकडच्या शिवारातली बाद असं होऊ शकतं. म्हणून कारखान्याजवळची विहीर चांगली निघाली तर खूश होऊ नका. आणि कातळाखालचं पाणी जरा सुरक्षित असतं खरं, पण नवीन बोअर मारली आणि केसिंग अर्धवट टाकलं तर तुम्हीच वरची घाण खालच्या पाण्याला जोडून दिलीत.

तोवर निम्मी लढाई कागदावर आहे. 2025 च्या जुलैत केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले, त्यात संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं मंडळाला द्यायची आहे आणि मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव करा, रिपोर्ट जोडा, कलेक्टर आणि मंडळ दोघांना द्या, पोच घ्या. मालक सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारी पैशातनं काम करायची तरतूद आहे. काम किती वर्षांत पुरं करायचं याची सक्त मुदत मात्र नाही, त्यामुळे पाठपुरावा तुमच्याच गळ्यात. काहीच हललं नाही तर पुण्यात हरित लवादाचं खंडपीठ आहे.

प्रत्यक्ष साफसफाई हे कंत्राटदाराचं काम, पण तो काय करतोय ते कळलं पाहिजे. ढीग आणि सगळ्यात खराब माती उचलून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पात न्यायची, ट्रक झाकलेला आणि प्रत्येक खेपेची मॅनिफेस्ट पावती (काय, किती आणि कुठं नेलं त्याची), तिची एक प्रत पंचायतीत ठेवा. उरलेल्या जागेवर प्लास्टिक लायनर आणि माती टाकून पाऊस आत जाणार नाही असं करायचं, नुसत्या काळ्या मातीवर भागवत असतील तर हरकत घ्या, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. तेल-डिझेलची माती असेल तर जिवाणू घालून, उलथापालथ करून जागेवरच बरीच सुधारते. धातूंना ते लागू नाही, धातू कुठं जात नाही.

क्रोमियमला एक चांगली युक्ती आहे. हेक्साव्हॅलंट पाण्यात पळतं, ट्रायव्हॅलंट, म्हणजे त्याचं दुसरं रूप, मातीला चिकटून बसतं, मग फेरस सल्फेट किंवा चक्क साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) सोडून त्याचं रूप पालटायचं, मळी जिवाणूंचं खाद्य. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एलिझाबेथ सिटीला तटरक्षक दलाच्या जुन्या प्लेटिंग शॉपच्या खालच्या अंगाला 1996 मध्ये लोखंडाच्या बारीक चुऱ्यानं भरलेला 46 मीटरचा चर घातला, पाणी त्यातनं आपोआप जातं आणि क्रोमियम आत अडकतं. ती जमीन रेतीची होती, आपल्या खडकात चर खणणं अवघड, इथं बोअरमधनंच औषध सोडावं लागतं. पण हौसेनं स्वतः मळी ओतू नका, ऑक्सिजन संपला की मँगनीज आणि लोह सुटून पाण्यात येतं, ते एक नवीन दुखणं.

पाणी उपसून साफ करून परत सोडण्याचा प्रकार सगळ्यात जास्त सुचवला जातो, मला तो शेवटचा उपाय वाटतो. चालू असेपर्यंत आकडे छान येतात, पंप बंद केला की मुरमात अडकलेलं हळूहळू बाहेर येतं आणि आकडा परत वर. म्हणून करारातच लिहून घ्या की पंप बंद केल्यावर निदान दोन पावसाळे तपासणी करायची आणि मगच शेवटचं बिल. त्याच काळात त्या आवारात शेततळं, नाला खोलीकरण, बोअर पुनर्भरण असलं काही होऊ देऊ नका, योजना कितीही चांगली असली तरी तिथं मुरवलेलं पाणी घाण घेऊनच खाली जाणार. आणि आवारातल्या जुन्या बोअर नुसत्या दगड ठेवून झाकू नका, तळापासून सिमेंट आणि बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणारी चिकणमाती) ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरून बंद करून घ्या, भरताना एक माणूस तिथं उभा ठेवा, कारण वरचे दोन फूट भरून मोकळे होतात.