नवजात बाळाचा मधुमेह आणि इम्प्रिंटिंग: या चुका टाळा

बाळ जन्मतःच वजनाने खूप कमी. पहिल्या आठवड्यातच रक्तातली साखर चढते, लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं. अशा बाळाला लगेच ‘टाइप १’ (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्याने होणारा मधुमेह) ठरवू नका. ६ महिन्यांच्या आत सुरू होणारा मधुमेह बहुतेक वेळा जनुकीय असतो, त्यामुळे जनुकीय तपासणी तेव्हाच पाठवायला हवी.

सगळ्यात घातक चूक त्यापुढची: ‘सिक्वेन्सिंग (जनुकातल्या अक्षरांचा क्रम वाचणारी तपासणी) नॉर्मल आलं, म्हणजे जनुकांत काही दोष नाही’ असं मानणं. सहाव्या गुणसूत्रावरच्या ६क्यू२४ या भागात पीएलएजीएल१ हे जनुक आहे. आईकडून आलेल्या प्रतीवर मिथाइलच्या, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक, खुणा असतात, त्यामुळे ती गप्प राहते. काम करते ती फक्त वडिलांची प्रत. हेच इम्प्रिंटिंग. दोन्ही सहावी गुणसूत्रं वडिलांकडूनच आली, वडिलांकडचा हा तुकडा दुप्पट झाला किंवा आईच्या प्रतीवरची खूण पुसली गेली, की जनुक दुप्पट जोमाने चालतं आणि इन्सुलिन कमी पडतं. खूण पुसली गेली तरी जनुकाचा क्रम जसाच्या तसा असतो, मग सिक्वेन्सिंगला दिसणार काय? ६क्यू२४ची मिथायलेशन तपासणी, म्हणजे या खुणा पाहणारी तपासणी, नाव घेऊन मागा.

तिथेही थांबू नका, तिन्हींपैकी कोणतं कारण आहे ते विचारा. पुढच्या बाळाचा धोका त्यावरच ठरतो. वडिलांकडे दुप्पट तुकडा असेल तर प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. तोच तुकडा आईकडून आला तर मूल निरोगी राहतं, पण ते मूल मुलगा असेल तर पुढे त्याच्या मुलांना हा आजार होऊ शकतो. म्हणून ‘घराण्यात कुणालाच नव्हतं’ यावर विसंबण्यात अर्थ नाही. खूण पुसलेली असेल तर झेडएफपी५७ हे, अशा खुणा टिकवून ठेवणारं, जनुकही तपासून घ्यावं.

६क्यू२४च्या या मधुमेहात इन्सुलिनची गरज सहसा काही महिन्यांत, बहुधा दीड वर्षाच्या आत संपते. घरात केवढा आनंद होतो! तरी फाइल टाकून देऊ नका. अनेकांत हा मधुमेह किशोरवयात किंवा तरुणपणी परततो, मुलींमध्ये कधी गरोदरपणात. आजारपणातही साखर तात्पुरती चढू शकते, तेव्हा मोजून पाहा. परतलेल्या मधुमेहालाही सरसकट टाइप १ समजून आयुष्यभराचं इन्सुलिन लावू नये. काही रुग्णांचं गोळ्यांवर भागतं. त्यासाठी नव्या डॉक्टरांच्या हातात तो जुना मिथायलेशनचा अहवाल पडायला हवा.