स्पेक्ट्रमवर कॅसेटमधून गेम लोड करताना या चुका टाळा

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ चा; त्यावरचे गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले असतात. पण त्यावर गेम लोड होत नाही म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी आजही एकच उद्योग आधीच करून ठेवलेला असतो, तो म्हणजे टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा (फीत वाचणाऱ्या भागाशेजारचा) बारीक स्क्रू फिरवणे. हेडमधली फट फितीच्या धावेशी काटकोनात असावी लागते आणि ती तिरकी झाली की वरचे स्वर आधी दबतात. सुरुवातीची शिट्टी सुमारे ८०७ हर्ट्झची असल्यामुळे पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे छान उमटतात, नवखा खूश होतो. पण पुढे प्रत्यक्ष माहिती येते त्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत शून्याचा बिट सुमारे २०४७ हर्ट्झचा असतो आणि घात तिथे होतो. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असल्याने एक बिट चुकला तरी सगळी प्रतीक्षा फुकट जाते.

माझ्या मावसभावाने 'मॅनिक मायनर' या गेमच्या एका उसन्या कॉपीसाठी हाच स्क्रू पिळला. गेम लोड झाला, आणि त्या आनंदात त्याने सुट्टीभर लिहिलेले बेसिकचे प्रोग्रॅम त्याच तिरक्या हेडने सेव्ह केले. पुढे विकतच्या कॅसेटी लोड होईनात म्हणून मी हेड सरळ केले, तर याचे प्रोग्रॅम वाचता येईनात. मग हेड पुन्हा तिरके करून एक प्रोग्रॅम लोड करायचा, मशीन बंद न करता हेड सरळ करायचे आणि तो कोऱ्या कॅसेटवर सेव्ह करायचा, असे पहाटेपर्यंत चालले. अकरापैकी सात वाचले.

म्हणून मी आधी कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून हेड पुसतो, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरीही स्क्रूला हात लावावाच लागला, तर आधी त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करतो, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवतो आणि पडद्याकडे न पाहता स्पीकर ऐकतो. आवाज सर्वांत कर्कश लागेल ती जागा बरोबर.

आवाज पूर्ण वाढवणे हा अधीरांचा दुसरा आवडता उपाय असून त्याने सिग्नल फाटतो. मी पाऊण आवाजापासून सुरुवात करतो.

कॅसेटचे एमपीथ्री करून फोनवरून लोड करणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही. आवाज आक्रसताना नेमक्या हव्या त्या कडा बोथट होऊ शकतात, तेव्हा निदान न आक्रसलेली डब्ल्यूएव्ही फाइल तरी वापरावी.

सेव्ह करताना 'इअर'ची, म्हणजे टेपरेकॉर्डरचा आवाज संगणकात नेणाऱ्या वायरची, पिन काढून ठेवावी. त्यानंतर फीत मागे घेऊन, पिन परत लावून 'व्हेरिफाय' (कॅसेटवरची प्रत मशीनमधल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहणे) करण्याचा कंटाळा करणाऱ्यांचे प्रोग्रॅम मी दुरुस्तीला घेत नाही.

नव्वद मिनिटांची कॅसेट नको. तिची फीत पातळ असते.