आप्पांचा नवा फोन: कंपनीची अ‍ॅप्स आवरायची कशी

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीचे पैसे हातात आले की घरात नवा फोन येतो, आणि मग "जरा लावी दे रे भो" म्हणून तो घरातल्या शिकलेल्या पोराच्या हातात पडतो. (पोरीच्या म्हणा, खरं काम त्याच करतात.) हे त्यांच्यासाठी लिहितोय. अँड्रॉइड धरून सांगतो. मेनूची नावं कंपनीप्रमाणे इकडेतिकडे होतील, नाही सापडलं तर सेटिंग्जमधे वर सर्च असतं तिथे टाका.

आधी साफसफाई. गेम, शॉपिंग, बातम्या, दुसरंच कुठलं तरी अ‍ॅप स्टोअर, जे काही आपण मागितलं नव्हतं ते बोट दाबून धरून अनइन्स्टॉल करा. काही निघतच नाहीत, त्यांच्या अ‍ॅप इन्फोमधे (आयकॉनवर बोट दाबून धरलं की दिसतं) जाऊन डिसेबल करा. त्याने आयकॉन जातो, नोटिफिकेशन जातं, पण जागा फारशी मोकळी होत नाही, कारण ते सिस्टीमच्या भागातच बसवलेलं असतं. गूगल प्ले सर्व्हिसेसला, म्हणजे ज्याच्या जोरावर बाकीची अ‍ॅप्स चालतात त्याला, मात्र हात लावू नका, निम्मा फोन रुसतो. ऑक्टोबर २०२२ मधे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्यात एक मुद्दा हाच होता की फोन कंपन्यांना गूगलची अ‍ॅप्स गठ्ठ्यानेच घ्यावी लागायची. पुढे जानेवारी २०२३ मधे गूगलने भारतात कंपन्यांना अ‍ॅप्स सुटी सुटी देऊ असं जाहीर केलं. कंपनीला निवड मिळाली, गिऱ्हाइकाचं काय? माझं म्हणणं साधं आहे, फोन पहिल्यांदा चालू करताना यादी दाखवा, आम्ही टिक करू तेवढंच टाका.

मग सातबारा. पीडीएफ उघडताना फोन विचारतो कशात उघडू, आप्पा जे पहिलं दिसेल त्यावर दाबतात आणि खाली 'नेहमी', मग जन्मभर सातबारा त्या अ‍ॅपमधे जो आधी लॉगिन मागतो आणि मग महिन्याचा प्लॅन दाखवतो, आणि तलाठ्यासमोर उभं राहून आपल्याला फोन येतो की उतारा उघडत नाही. इलाज: त्या आगाऊ अ‍ॅपचं अ‍ॅप इन्फो, 'ओपन बाय डीफॉल्ट', तिथे डीफॉल्ट क्लिअर करा. परत पीडीएफ उघडा, साधा ड्राइव्हवाला पीडीएफ व्ह्यूअर निवडा आणि आता 'नेहमी' दाबा. ब्राउझर, कॉल, मेसेज यांचं सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स इथे एकाच जागी बदलतं. आयफोनवाले असतील तर त्यांना ब्राउझर आणि मेल २०२० च्या आयओएस १४ पासून बदलता येतं, कॉल-मेसेजचं १८.२ मधे आलं.

आता घड्याळ, ज्याच्यावर माझा खरा राग आहे. शेतीच्या पंपाची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणून मोटार लावायला उठायची वेळही आठवड्याला बदलते. अलार्ममधे सोमवार, मंगळवार सगळे वार मिळतात, पण 'एक आठवडा सोडून' हा पर्याय बहुतेक फोनमधे नाही. शिफ्टमधे काम करणाऱ्या कोणालाही हे लागेल, भुसावळला रेल्वेवाल्यांना विचारा. तोवर जुगाड असा: अलार्मला नाव देता येतं, म्हणून दोन बनवा, 'दिवसाची लाईट' आणि 'रात्रीची लाईट', दोन्ही सातही वार रिपीट. मग कॅलेंडरमधे रविवार संध्याकाळचे दोन इव्हेंट टाका, 'रात्रीचा चालू, दिवसाचा बंद' आणि त्याच्या पुढच्या रविवारी उलटं, दोन्हीच्या रिपीटमधे 'कस्टम' निवडून दर २ आठवड्यांनी. नुसतं कॅलेंडरवर भागवू नका, त्याचं नोटिफिकेशन टिंग करून गप्प बसतं, त्याने रात्री दीडला कोणी उठत नाही.

गॅलरी दोन मिनिटांचं काम. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट सेटिंगमधे मीडिया व्हिजिबिलिटी बंद, म्हणजे पुढचे गुड मॉर्निंगचे गुलाब केळीच्या घडांच्या फोटोंमधे घुसणार नाहीत.

कीबोर्ड आमच्या अहिराणी बोलीला सुधारत बसतो, 'माले' (मला) लिहिलं की स्वतःच्या मनाने भलतंच काहीतरी. जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर सेटिंगमधे डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, मराठी, आणि अधिकचं चिन्ह दाबून 'माले', 'तुले', 'शे' असे रोजचे शब्द टाका. तरी कटकट वाटली तर ऑटो-करेक्शनच बंद करा, आप्पांना चुकलेलं चालतं, बदललेलं चालत नाही.

हवामानाचं फोनमधलं अ‍ॅप शहराचं नाव दाखवतं आणि ढगाचं चित्र. मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते तिथे ते चित्र काय कामाचं. त्याच्या जागी हवामान खात्याचं मेघदूत टाका, त्यात जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत मिळतो, आणि आकाशातल्या विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी. दामिनीला लोकेशनची परवानगी द्या, नाहीतर वीज आपल्या आसपास आहे हे त्याला कळणार कसं. आणि अ‍ॅप इन्फोमधे बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर बॅटरी वाचवायच्या नादात फोन त्याला मागच्या मागे झोपवतो. वेगळं अलार्म अ‍ॅप टाकलं असेल तर त्यालाही हेच.