इस्रायल-पॅलेस्टाईन सीमा : बातमी, नकाशा किंवा उत्तर लिहिताना या चुका टाळा

इस्रायलची इजिप्तशी सीमा १९७९च्या करारात आणि जॉर्डनशी १९९४च्या करारात लिहिलेली आहे. पॅलेस्टिनी प्रदेशाशी अशी करारबद्ध सीमा आजवर ठरलेली नाही. नकाशावर दिसतात त्या निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कामांसाठी आखलेल्या रेषा. प्रत्येक रेषेमागे एक कागद आहे, आणि ती रेषा काय आहे व काय नाही हे बहुतेकदा त्याच कागदात लिहिलेले असते. बातम्या, स्पर्धा परीक्षांची उत्तरे आणि समाजमाध्यमांवर फिरणारे नकाशे यांतल्या बऱ्याच चुका तो कागद न पाहिल्याने होतात.

१९४७ आणि १९६७ यांची सरमिसळ

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १८१ मंजूर केला. बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारत विरोधात होता. फाळणीऐवजी संघराज्य करावे, असा पर्याय भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी आधीच मांडला होता. मंजूर आराखड्यात ज्यू राज्याला सुमारे ५६ टक्के प्रदेश होता आणि जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहणार होते. ही शिफारस होती, जमिनीवर ती कधी उतरली नाही. १९४८चे अरब-इस्रायल युद्ध १९४९ मध्ये थांबले, तेव्हा ब्रिटिश मॅन्डेटखालच्या (१९४८ पर्यंत ब्रिटनच्या कारभाराखालच्या) पॅलेस्टाईनचा सुमारे ७८ टक्के भाग इस्रायलकडे होता. उरलेले २२ टक्के म्हणजे पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँक आणि गाझा. आजचे ठराव आणि वाटाघाटी बोलतात ते या २२ टक्क्यांबद्दल.

‘१९६७च्या सीमा’ म्हणजे इस्रायलने त्या वर्षीच्या युद्धात जिंकलेल्या प्रदेशाची कड, असेही काही जण लिहितात. अर्थ नेमका उलटा होतो. ४ जून १९६७ रोजी, म्हणजे युद्ध पेटण्याच्या आदल्या दिवशी जी रेषा होती, ती ही.

ग्रीन लाइनला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणणे, किंवा तिला काहीच अर्थ नाही म्हणणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ग्रीन लाइन ही १९४९ची शस्त्रसंधी रेषा आहे. इजिप्तशी करार २४ फेब्रुवारीला झाला, लेबनॉनशी २३ मार्चला, जॉर्डनशी ३ एप्रिलला आणि सीरियाशी २० जुलैला. जॉर्डनच्या कराराच्या सहाव्या कलमात स्पष्ट नोंद आहे की, या रेषांमुळे भविष्यातल्या प्रादेशिक तडजोडीला, सीमांना किंवा कोणाच्याही दाव्याला बाधा येत नाही. इजिप्तच्या करारात तर ही रेषा राजकीय वा प्रादेशिक सीमा समजू नये, असेच म्हटले आहे. अरब देशांना तेव्हा इस्रायलला सीमा बहाल करायची नव्हती. त्याच तरतुदीचा आधार पुढे इस्रायली बाजूनेही घेतला, आणि हे दोन्ही ठाऊक नसेल तर वादात माणूस हमखास अडकतो.

रेषा किती कच्ची होती ते जेरुसलेममध्ये दिसते. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या दोन कमांडरांनी १:२०,००० प्रमाणाच्या नकाशावर आपापल्या फौजांची जागा जाड पेन्सिलीने दाखवली. दायान यांची रेघ हिरवी, अल-तल यांची लाल. रेघेची जाडी तीन-चार मिलिमीटर. त्या प्रमाणात जमिनीवर ती ६० ते ८० मीटर भरते. घरे आणि रस्ते त्या जाडीत सापडले आणि रेघेच्या जाडीखालची जमीन कोणाची, यावर तंटे झाले. दोन रेघांमधला पट्टा ‘कोणाचाही नसलेला प्रदेश’ ठरला. जेरुसलेमच्या पश्चिमेला लात्रुनजवळही असा मोठा तुकडा होता. म्हणून ‘ग्रीन लाइनपासून अमुक मीटर आत’ असा नेमका दावा दिसला की तो कोणत्या नकाशावरून मोजला, हे आधी विचारावे.

खऱ्या सीमावादात किती बारकाई लागते, याचा नमुना ताबा या गावाचा खटला. इस्रायल आणि इजिप्त पाच सदस्यांच्या लवादापुढे गेले ते १४ सीमास्तंभांच्या जागांसाठी. २९ सप्टेंबर १९८८च्या निवाड्याने ताबा हे गाव इजिप्तच्या हद्दीत ठरले आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने ती जागा सोडली. स्तंभागणिक असे काम वेस्ट बँकेच्या कडेला झालेलेच नाही.

तरीही ‘सीमा नाही, म्हणजे रेषेला किंमत नाही’ हा निष्कर्ष चूक. सुरक्षा परिषदेचा २३ डिसेंबर २०१६चा ठराव २३३४ सांगतो की, दोन्ही बाजूंनी वाटाघाटींनी मान्य केलेल्या बदलांखेरीज ४ जून १९६७च्या रेषेतला कोणताही बदल परिषद मान्य करणार नाही. यात जेरुसलेमही आले. तो १४ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला, अमेरिका तटस्थ राहिली. व्याप्त (युद्धात परक्या फौजेच्या ताब्यात गेलेला) प्रदेश कुठून सुरू होतो, हे ठरवताना आंतरराष्ट्रीय न्यायालयही हीच रेषा धरते. नकाशाखाली ‘सीमा’ असे लिहू नका. ‘१९४९ची शस्त्रसंधी रेषा (ग्रीन लाइन)’ असे लिहा.

‘वादग्रस्त’ हा शब्द तटस्थ समजणे

संपादकांच्या टेबलावर होणारी ही चूक आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. जॉर्डनने १९५० मध्ये केलेले वेस्ट बँकेचे सामीलीकरण जगाने जवळजवळ मान्यच केले नव्हते, मग १९६७ मध्ये प्रदेश कोणाकडून व्यापला, अशी इस्रायलची मांडणी आहे. त्यावरून हा प्रदेश ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे, असे इस्रायल म्हणतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये ही मांडणी नाकारली : चौथ्या जिनिव्हा करारातल्या (युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या करारातल्या) दोन सदस्य देशांत सशस्त्र संघर्ष झाला आणि त्यात प्रदेश ताब्यात आला की तो करार लागू होतो, आधीची मालकी निर्विवाद होती का, हा प्रश्न तिथे येत नाही. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही, इस्रायलने वेस्ट बँकेच्या बाजूने बांधलेल्या भिंतीच्या मार्गाबद्दलच्या बेत सूरिक खटल्यात, त्याच वर्षी, हा भाग लष्करी ताब्यातला धरूनच निकाल दिला.

मालकी कोणाची आणि ताबा कसला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मजकुरात ‘व्याप्त’ लिहा आणि इस्रायलला ते मान्य नाही, हे पुढच्या वाक्यात त्याच्या नावानिशी सांगा. नुसते ‘वादग्रस्त’ लिहिले की एका पक्षाची भूमिका तुमच्या तोंडून येते.

भिंत आणि अ-ब-क क्षेत्रे यांना सीमा समजणे

ग्रीन लाइनची लांबी सुमारे ३२० किलोमीटर. भिंतीचा व कुंपणाचा आखलेला मार्ग सुमारे ७१२ किलोमीटर, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के वेस्ट बँकेच्या आत. या दोन आकड्यांतच भिंत म्हणजे ग्रीन लाइन नव्हे, हे कळते. ९ जुलै २००४च्या सल्लागार मतात न्यायालयाने व्याप्त प्रदेशातले भिंतीचे बांधकाम बेकायदा ठरवले.

अ, ब आणि क ही क्षेत्रे २८ सप्टेंबर १९९५च्या अंतरिम करारातली. आजचे प्रमाण अंदाजे १८, २२ आणि ६० टक्के. अ क्षेत्रात नागरी कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे. ब मध्ये नागरी कारभार त्यांच्याकडे, पण सुरक्षेचा वरचा अधिकार इस्रायलकडे. क मध्ये जमीन, बांधकाम परवाने आणि सुरक्षा इस्रायलकडे. ही कारभाराची तात्पुरती वाटणी आहे. क क्षेत्र म्हणजे इस्रायलचा भाग नव्हे. अंतिम वाटाघाटींचा निकाल लागेपर्यंत वेस्ट बँक व गाझाची स्थिती बदलेल असे पाऊल कोणीही उचलायचे नाही, असे त्याच कराराचे ३१वे कलम सांगते.

कोणत्या संस्थेने काय ठरवले, यात गल्लत

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी म्हटले की, व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने राहणे बेकायदा आहे आणि ते शक्य तितक्या लवकर संपले पाहिजे. हे सल्लागार मत आहे, ते स्वतः बंधनकारक नाही. मात्र ज्या नियमांवर ते उभे आहे, ते बंधनकारक आहेत : बळाने प्रदेश मिळवण्यास मनाई, स्वयंनिर्णयाचा हक्क आणि चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९वे कलम, ज्यानुसार ताबा घेणाऱ्या देशाला आपले नागरिक तिथे वसवता येत नाहीत. १८ सप्टेंबर २०२४ रोजी आमसभेने त्यासाठी इस्रायलला बारा महिन्यांची मुदत घातली. बाजूने १२४, विरोधात १४, तटस्थ ४३, भारत तटस्थांत.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही वेगळी संस्था आहे. ती व्यक्तींवर खटले चालवते. गाझा आणि पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँक आपल्या अधिकारक्षेत्रात येतात, असे तिने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी ठरवले. त्याच निर्णयात आपण सीमावाद सोडवत नाही, हेही नोंदवले. बातम्यांत नेमके हे वाक्य गळते.

मान्यता मिळाली, म्हणजे सीमा ठरली?

नाही. भारताने पॅलेस्टाईनला नोव्हेंबर १९८८ मध्ये मान्यता दिली. २०१२ मध्ये आमसभेने १३८ मतांनी त्याला निरीक्षक राष्ट्राचा दर्जा दिला. दोन्हींनी सीमारेषा आखली नाही. सीमा अनिश्चित आहे, म्हणून राष्ट्रच नाही, हा उलट युक्तिवादही टिकत नाही : इस्रायल ११ मे १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तेव्हा त्याच्याही सीमा ठरलेल्या नव्हत्या.

गोलान, लेबनॉन आणि गाझा

१९६७ मध्ये इस्रायलने ताब्यात घेतलेल्या गोलान टेकड्या सीरियाच्या; पॅलेस्टिनी प्रदेशाच्या आकडेवारीत त्या मिसळू नका. लेबनॉनकडची ब्लू लाइन २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इस्रायलची माघार पूर्ण झाली का, हे तपासण्यासाठी आखली. तीही सीमा नव्हे.

गाझाबद्दल मात्र सावध राहा. २००५ मध्ये वसाहती आणि फौज हलल्या, तरी हवाई हद्द, समुद्र आणि बहुतेक नाक्यांवरचे नियंत्रण इस्रायलकडेच राहिले; ते नियंत्रण जितके, तितकी कायदेशीर जबाबदारीही राहिली, असे न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. १९७९च्या कराराने इजिप्तची सीमा पक्की केली, पण गाझाच्या दर्जाचा प्रश्न जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. ऑक्टोबर २०२५च्या युद्धविरामात इस्रायली फौज ज्या ‘पिवळ्या रेषे’मागे गेली, ती रेषा गाझा पट्टीच्या आतच आहे आणि निम्म्याहून अधिक भाग तिच्या इस्रायली बाजूला राहिला. पिवळे काँक्रीटचे ठोकळे ठेवून ती दाखवली गेली, तरी तो फौजेच्या माघारीचा टप्पा आहे. गाझाचे क्षेत्रफळ लिहिताना पूर्ण पट्टीचे, म्हणजे सुमारे ३६५ चौरस किलोमीटरच लिहा, आणि पिवळ्या रेषेचा नकाशा छापताना त्यावर तारीख टाका.