वाड्यावर दाखवा ब्लेंडरचे लघुपट

ब्लेंडर या ॲनिमेशनच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेले लघुपट फुकट उतरवून घेता येतात, चारचौघांत दाखवता येतात आणि ज्या फाइलींतून ते घडले त्या उघडूनही पाहता येतात. अट एकच, श्रेय द्यायचं. म्हणून शेवटची श्रेयनामावली कापू नका.

सुरुवात ‘बिग बक बनी’ने (२००८) करा. एका सशाची गोष्ट, दहा मिनिटांचा आहे, संवाद नाहीत. नातवाला कळतो तसा आजीलाही कळतो. मग ‘स्प्रिंग’ (२०१९), आठ मिनिटांच्या आतला. ‘सिंटेल’ (२०१०) पंधरा मिनिटांचा आणि सगळ्यांत सुंदर, पण शेवट जिव्हारी लागतो. अगदी लहानग्यांना तो नको.

फाइल आदल्या दिवशीच उतरवा. १०८०पी पुरे; ४केची, सेकंदाला ६० चौकटींची प्रत जुन्या लॅपटॉपवर अडखळते. मे महिन्यात गोव्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साध्या प्रोजेक्टरवर साडेसातच्या आधी चित्र फिकंच दिसणार. पडदा म्हणून लावलेली चादर नुसती वरून बांधून भागत नाही. खालच्या कडेत बांबू ओवा, नाहीतर वाऱ्याची झुळूक आली की ससा पोटातून लाटांसारखा हलतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मागे पडला तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जे’ दाबा. दर दाबाला तो ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. वायर असेल तर ही कटकटच नाही.

‘सिंटेल’ला मराठी सबटायटल हवीत? इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल (संवाद आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) नोटपॅडमध्ये उघडा, वेळेच्या ओळींना हात न लावता फक्त संवाद बदला, आणि सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. एएनएसआय राहिलं तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. चौकोन दिसले तर दोष फॉन्टचा. विंडोजवर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये ‘निर्मला यूआय’ लावा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला जोडला तर जोडाक्षरं तुटण्याची भीती असते, म्हणून लॅपटॉप एचडीएमआयने जोडा.

खरी मजा दुसऱ्यांदा पाहण्यात आहे. ससा बिळातून बाहेर येतो तिथे थांबा आणि ‘ई’ दाबत एकेक चौकट पुढे न्या. डोकं वळतं कधी आणि कान हलायला लागतात कधी, ते मुलांनाच मोजू द्या. अंगाला वजन कुठून येतं, हे असं मोजतानाच उमगतं.

मग मूळ फाइल उघडा, पण ब्लेंडर २.७९ मध्ये. जुनं रेंडर इंजिन, म्हणजे रंग-प्रकाशासह अंतिम चित्र तयार करणारा भाग, २.८० पासून (२०१९) काढून टाकलंय, त्यामुळे नव्या ब्लेंडरमध्ये ‘बनी’चे रंग बिघडलेले दिसतात. केसाळ पात्रांच्या फाइली जड असतात. मशीन अडकलं तर केस उगवणारी पार्टिकल सिस्टीम व्ह्यूपोर्टमध्ये (काम करायच्या खिडकीत) बंद करा, खालचं नुसतं अंग लगेच हलवता येतं.