परदेशात सुट्टीसाठी घर भाड्याने घेताना: बुकिंगपासून किल्ली परत देईपर्यंत

हॉटेलात मध्यरात्री गरम पाणी येईनासं झालं तर खाली काउंटरला फोन लावायचा, कुणीतरी येऊन बघतं. भाड्याच्या घरात ते काउंटरच नसतं. स्वयंपाकघर मिळतं, ऐसपैस जागा मिळते, चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर खर्चही बऱ्याचदा आटोक्यात राहतो. पण काउंटरवरचा माणूस जी कामं करतो ती इथं आपल्याच गळ्यात पडतात. त्यातली बरीचशी निघण्याआधी घरबसल्या उरकता येतात.

आधी नियम बघा, मग फोटो

बहुतेक जण फोटोंपासून सुरुवात करतात आणि घराच्या प्रेमात पडल्यावर बाकीचं बघतात. क्रम उलटा ठेवा. थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यावर बऱ्याच शहरांत निर्बंध आहेत. न्यूयॉर्क शहरात ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर साध्या राहत्या घराची पालिकेकडे नोंदणी लागते, घरमालकाने तिथंच राहावं लागतं आणि पाहुणे दोनच चालतात. सप्टेंबर २०२३ पासून याची कडक अंमलबजावणी सुरू आहे. म्हणजे तिथं चौघांसाठी आठवडाभर अख्खा फ्लॅट स्वस्तात दिसला तर शंका घ्यायलाच हवी. जपानमध्ये २०१८ च्या कायद्याखाली नोंदलेलं घर वर्षातून जास्तीत जास्त १८० दिवसच देता येतं. इटली आणि पोर्तुगालमध्ये जाहिरातीतच नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे परवाने संपवायचं जाहीर केलंय.

याचा आपल्याशी संबंध इतकाच, की बेकायदा घराचं बुकिंग ऐनवेळी रद्द होऊ शकतं आणि मग सामानासकट दुसरी जागा शोधत फिरावं लागतं. क्रमांक दिसत नसेल तर मालकाला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते घर सोडून द्या.

जाहिरात बारकाईने वाचा

फोटोंत काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधा. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले असतील तर समोर भिंत असण्याची शक्यता धरा. बाथरूमचा एकच, तोही फक्त बेसिनचा फोटो असेल तर शॉवरचा मागून घ्या. जिन्याचा फोटो सहसा कुणीच टाकत नाही; चौथा मजला, लिफ्ट नाही आणि सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर सगळं घोडं तिथंच अडतं. संशय आला तर फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तोच दिवाणखाना दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने निघाला तर विषय संपला.

रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले बाजूला ठेवा, तीन तारेवाले आधी वाचा. चिडलेला माणूस एक तारा देतो आणि भारावलेला पाच. तीन देणारा बहुधा नीट हिशोब करून लिहितो. गेल्या सहा महिन्यांतलेच बघा आणि एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी केलीय का ते शोधा. सगळेच 'जागा मोक्याची, मालक गोड' म्हणताहेत आणि घराबद्दल अवाक्षर नाही, तर त्या गप्प बसण्यातच उत्तर आहे.

नेमका पत्ता बऱ्याचदा बुकिंगनंतरच कळतो. तरी नकाशावरचा परिसर गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये (रस्त्यावरच्या फोटोंमध्ये) फिरून घ्या: चढ किती, खाली बार आहे का, स्टेशनपासूनच्या रस्त्याला दिवे आहेत का.

मालकाला एकच, पण नेमका निरोप पाठवा

'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं की 'हो' येतं. त्यापेक्षा असं लिहा: 'आम्ही चौघे आहोत, एक जण सत्तरीचे. विमान रात्री अकराला उतरतं, घरी पोचायला साडेबारा होतील. किल्ली कशी मिळेल? मुख्य दारापासून फ्लॅटपर्यंत किती पायऱ्या आहेत? पाणी गॅसवर तापतं की विजेवर? धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? घराबाहेर कॅमेरे आहेत का, कुठे?' निरोप बुकिंगच्या वेबसाइटच्या चॅटमध्येच पाठवा, म्हणजे वाद झालाच तर लेखी पुरावा हाताशी राहतो. उत्तर किती वेळात आणि कसं येतं, यावरून अडचणीच्या वेळी हा माणूस कसा वागेल याचा अंदाज येतो.

तारखांचा एक घोळ हमखास होतो. विमान १२ तारखेला रात्री साडेबाराला उतरत असेल तर बुकिंग ११ तारखेपासून हवं. १२ चं केलंत तर दार दुपारी तीन-चारला उघडणार, तोवर तुम्ही रस्त्यावर.

पैसे

जाहिरातीतला दर सोडा, शेवटच्या पानावरची एकूण रक्कम बघा. सफाईचे पैसे आणि सेवाशुल्क तिथं उगवतात. पर्यटक कर काही शहरांत वेगळा, तोही पोचल्यावर द्यावा लागतो. रद्द करण्याची मुदत सहसा त्या घराच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते, आपल्या घड्याळानुसार नाही.

वेबसाइटबाहेर पैसे द्यायचे नाहीत. 'थेट बँकेत पाठवा, दहा टक्के कमी करतो' असं कुणी म्हणालं की तिथंच थांबायचं. आता फसवणूक याच्याही पुढे गेलीय: मालकाचं खातं हॅक करून वेबसाइटच्या चॅटमधूनच निरोप येतो, 'कार्डाची पडताळणी राहिली, चोवीस तासांत न केल्यास बुकिंग रद्द', आणि खाली एक लिंक. निरोप ओळखीच्या चॅटमध्ये आल्यामुळे भलेभले फसतात. लिंकला हात लावू नका. ॲप उघडून स्वतःच्या बुकिंगच्या पानावर काही थकबाकी दिसते का एवढंच बघा.

पासपोर्टच्या प्रतीची मागणी मात्र दरवेळी संशयास्पद नसते. इटली, स्पेनसारख्या देशांत पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणं मालकाला बंधनकारक आहे. खातरजमा करून मगच द्या, आणि फोटोवर 'फक्त या मुक्कामासाठी' व तारीख टाका.

निघण्याआधी

पासपोर्टची मुदत तपासा. अनेक देश सहा महिने शिल्लक मागतात. प्रवास विमा उतरवाच. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) तर किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. घराचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी संपली की टॅक्सीवाल्याला दाखवायला तोच उपयोगी, आणि मदतीला फोन करतानाही. युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि आग किंवा ॲम्ब्युलन्ससाठी ११९.

विजेचं थोडक्यात: चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. हेअर ड्रायर किंवा किटली अशी २३० व्होल्टची वस्तू जपानच्या १०० किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टवर धड चालत नाही, आणि तिथली वस्तू २३० वर लावली तर जळते. आपला ड्रायर, किटली घरीच ठेवा.

दार उघडल्यावर पहिला अर्धा तास

किल्ली बऱ्याचदा रेलिंगला अडकवलेल्या लहानशा डबीत असते. आकडे जुळवायचे आणि खटका पूर्ण खाली दाबून धरत झाकण ओढायचं. अंधारात, पावसात, फोन तीन टक्क्यांवर असताना हे शिकायला लागू नये म्हणून कोड कागदावर ठेवा आणि डबीचा फोटो मालकाकडून आधीच मागवा.

आत शिरल्यावर पिशव्या उघडण्याआधी खोलीखोलीतून व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, ओट्यावरचे चरे, टीव्हीची काच. काही मोडकं दिसलं तर लगेच चॅटमध्ये फोटो टाका. एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते. 'उद्या बघू' म्हणत राहिलात तर कंपनी हात वर करू शकते.

मग दार बघा. युरोपात पुष्कळ ठिकाणी बाहेरून नुसता गोल नॉब असतो, तो फिरत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं बाहेर गेलात आणि दार मागे लागलं की किल्ली आत, तुम्ही चपलांवर जिन्यात. रात्री कुलूपवाला बोलावणं खिशाला चांगलंच जड जातं. आतून किल्लीने बंद होणारं कुलूप असेल तर रात्री किल्ली कुठे ठेवलीय हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. आग लागली तर ती शोधत बसायला वेळ नसतो.

अलार्मची बटणं दाबून आवाज येतो का बघा. पाणी गॅसवर तापत असेल तर हे टाळूच नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, गरगरायला किंवा मळमळायला लागलं तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा आणि मग फोन करा. बॅटरीवरचा लहान अलार्म बॅगेत मावतो. मला तर तो जास्तीच्या बुटांपेक्षा कामाचा वाटतो.

घरातल्या कॅमेऱ्यांवर एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून पूर्ण बंदी घातली आहे. बाहेरचे चालतात, पण आधी सांगावे लागतात. आत काही संशयास्पद दिसलं तर फोटो काढा, घर सोडा, कंपनीला कळवा. मालकाशी एकट्याने वाद घालत बसू नका.

निघताना

कचऱ्याचे डबे आणि रात्रीच्या शांततेची वेळ यांवरून शेजारी तक्रार करतात आणि दंड आपल्या माथी येतो, तेव्हा नियमांचा कागद पहिल्याच दिवशी वाचलेला बरा. निघायच्या दिवशी गॅस आणि खिडक्या बंद करून पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, किल्ली डबीत ठेवल्याचा फोटो चॅटमध्ये टाका. डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवली असेल तर ती सुटेपर्यंत दोन्ही व्हिडिओ फोनमधून उडवू नका.